बेडूक पाळावा कीं बोलवावा?

गेल्या कांहीं महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक विषय पुनःपुन्हां डोकावला आहे. घरांतील मुलांस काचेची मोठी पेटी, तींत माती, शेवाळ, चार रोपें, विजेवर चालणारें लहानसें कारंजें, आणि त्या कारंज्याकांठीं बसलेला बेडूक अशी रचना हवी असते. पुण्या-मुंबईच्या आप्तांच्या दिवाणखान्यांत ती त्यांनीं पाहिलेली असते. मग वडीलमंडळी आम्हांस विचारतात, "कोणत्या जातीचा बेडूक निवडावा?" प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या पोटांत आणखी चार प्रश्न दडलेले आहेत, म्हणून त्याचें उत्तर थोड्या विस्तारानें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

मुलांची ही इच्छा हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. सारा दिवस चमकत्या पडद्याकडे पाहणारें मूल जर एखाद्या जिवंत प्राण्यापुढें तासभर स्वस्थ बसण्यास तयार असेल, तर घरानें त्याचें कौतुकच करावें. शिवाय बेडूक आपल्या वाङ्मयास परका नाहीं. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील १०३ वें सूक्त सर्वस्वीं बेडकांचें आहे. वसिष्ठांच्या नांवावर असलेल्या त्या दहा ऋचांत, वर्षभर मौन धरून पडलेले बेडूक पावसासरसे बोलूं लागतात, आणि गुरूमागें शिष्यानें पाठ म्हणावा तसा एकाचा शब्द दुसरा उचलतो, असें वर्णन आहे. कोणाचा आवाज गाईसारखा, कोणाचा बकऱ्यासारखा. कोणी ठिपक्यांचा, कोणी हिरवा, हा भेदहि ऋषीच्या दृष्टीनें टिपला आहे. व्याकरणांत एखादें पद मधलीं सूत्रें ओलांडून पुढच्या सूत्रांत जातें त्यास 'मंडूकप्लुति' म्हणतात, हें संस्कृत शिकलेल्या वाचकांस आठवत असेल. बेडकाच्या उडीवरून व्याकरणाची परिभाषा बनविणाऱ्यांनीं बेडूक जवळून पाहिला होता हें उघड आहे. मात्र त्यांनीं तो पाहिला तो तळ्याकांठीं व शेतांत, पेटींत नव्हे.

ज्याची निवड करावयाची त्याचा देहधर्म प्रथम जाणून घ्यावा. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. ओल्या जागीं बसून पोटाच्या व मांड्यांच्या कातडीवाटें तो पाणी शोषून घेतो. फुप्फुसें असूनहि श्वसनाचा बराच भाग त्याच कातडीवाटें चालतो. म्हणजे त्याची त्वचा हेंच त्याचें तोंड आणि कांहीं अंशीं नाकहि. या एका गोष्टींतून पाळणाऱ्याचीं सारीं कर्तव्यें निघतात. भांडीं घासण्याच्या साबणाचा अंश, फरशीवरील फिनेल, डासांचा फवारा, हातास लागलेलें मलम, नळाच्या पाण्यांतील क्लोरीन, यांपैकीं जें जें पाण्यांत उतरेल तें तें त्याच्या अंगांत उतरेल. हल्लीं घरोघरीं पाणी शुद्ध करण्याचीं आर.ओ. यंत्रें आलीं आहेत; त्यांतून वायां जाणारें पाणी काटकसर म्हणून कारंज्यांत घालावें असें कोणास सुचेल, परंतु त्या पाण्यांत क्षार एकवटलेले असतात, आणि तें बेडकास अपायकारक होय.

उष्णतेचेंहि तसेंच. आमच्या भूमसारख्या बालाघाटाच्या गांवीं उन्हाळ्यांत पारा चाळीस अंशांवर चढतो. त्या दिवसांत रानांतले कित्येक बेडूक मातींत किंवा दगडांच्या कपारींत खोल उतरून निपचित पडतात व पावसाची वाट पाहतात. पेटींतल्या बेडकास खोल उतरण्यास जागाच नसते. खिडकींतून तासभर ऊन आलें तरी काचेच्या पेटीची भट्टी होते. आणि ऐन वैशाखांत दुपारीं वीज गेली, तर कारंजेंहि थांबतें व पंखाहि.

तिसरी गोष्ट आहाराची, आणि ती आमच्या वाचकांच्या घरांत अधिक नाजूक आहे. बेडूक दूधभात खात नाहीं. १९५९ सालीं अमेरिकेंतील कांहीं शास्त्रज्ञांनीं बेडकाच्या डोळ्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. हलणारी लहान वस्तु तेवढी बेडकाच्या दृष्टींत भरते, आणि न हलणाऱ्या खाद्याचा ढीग भोंवतीं असला तरी तो उपाशी मरेल, असें त्यांनीं दाखविलें. तेव्हां त्यास झुरळें, नाकतोडे, गांडुळें असें जिवंत खाद्यच पुरवावें लागतें. ज्या घरांत चातुर्मासांत कांदा-लसूणहि वर्ज्य, त्या घराच्या फडताळांत जिवंत झुरळांचा डबा ठेवण्याची वेळ येते. किडा खाणें हा बेडकाचा धर्मच आहे, त्यांत दोष नाहीं. परंतु त्यानें आपला घास आपण शोधणें निराळें, आणि आपण किडे पोसून त्याच्यापुढें टाकणें निराळें. हा निर्णय घरांतील स्त्रियांस न विचारतां करूं नये. कारण पाळीव प्राणी मुलांच्या हट्टानें घरांत येतो, आणि चार महिन्यांनीं त्याची सेवा आजीच्या नाहीं तर धाकट्या सुनेच्या वांट्यास येते, हें कोणत्याहि एकत्र कुटुंबांत पाहण्यास मिळेल. ऑस्ट्रेलियांतील ज्या गुबगुबीत हिरव्या झाडबेडकाची या हौसेंत मोठी चलती आहे, तो पेटींत पंधरा-वीस वर्षेंहि जगतो. पांचवींतला मुलगा तोंवर शिकेल, परगांवीं नोकरीस लागेल, त्याचें लग्नहि होईल. बेडूक मात्र मागें आजोबांच्या गळ्यांत राहील.

आतां निवडीकडे वळूं. आपल्या परिसरांतले उमेदवार प्रथम पाहूं.

सर्वांत डौलदार तो शेतांतला मोठा बेडूक. वीतभर देह, हिरवट रंग, पाठीवर लांब वळ्या. पहिल्या मोठ्या पावसांत याचा नर हळदीसारखा पिवळा होतो व गळ्याच्या दोन्ही बाजूंस निळे फुगे फुगवून ओरडतो. मुलें भुलतात तीं या रंगास. पण तो रंग विणीच्या थोड्या दिवसांचा पाहुणा असतो, पुढें पुन्हां हिरवट मातकट अंग. शिवाय याची भूक अघोरी. उंदराचीं पिल्लें, लहानसा साप, इतकेंच नव्हे तर जवळ ठेवलेला दुसरा बेडूकहि तो गिळतो. याच्या पेटींत सोबती ठेवणें म्हणजे त्यास जेवण वाढणें होय.

दुसरा भेक, म्हणजे खरखरीत अंगाचा, आखूड उड्या मारणारा, रात्रीं अंगणांतल्या दिव्याखालीं किडे टिपीत बसणारा. माणसांच्या वस्तीस हा सर्वांत रुळलेला. त्याच्या डोळ्यांमागें दोन फुगीर ग्रंथि असतात; त्रास दिल्यास त्यांतून दुधासारखा विषारी रस पाझरतो. त्यास स्पर्श केल्यानें चामखीळ उठते ही समजूत खोटी आहे. मात्र हात न धुतां डोळे चोळूं नयेत, आणि घरच्या कुत्र्यानें त्यास तोंडांत धरूं नये याची काळजी घ्यावी.

तिसरा झाडबेडूक. बोटांच्या टोकांस गोल चकत्या असल्यामुळें हा न्हाणीघराच्या उभ्या भिंतीवरहि सहज चढतो. याची मादी पाण्यावर झुकलेल्या फांदीला किंवा हौदाच्या भिंतीला फेसाचें घरटें करते, आणि अंड्यांतून निघालेलीं पिल्लें त्यांतून खालीं पाण्यांत टपकतात. पेटींत हा दिवसभर काचेला चिकटून झोपतो, व रात्रीं बाहेर पडण्याच्या धडपडींत काचेवर आपटून नाक सोलून घेतो.

चौथा विहिरीच्या पाण्यांतला. नुसते डोळे वर काढून तरंगतो, आणि खडा टाकतांच पाण्याच्या पृष्ठावरून टणटण उड्या मारीत पलीकडे जातो. त्याची सारी मौज त्या धांवेंत आहे, आणि हातभर पेटींत ती धांव होणें नाहीं. पांचवा अंगठ्याच्या पेराएवढा चिमुकला बेडूक. देहाच्या मानानें आवाज प्रचंड, आहार मुंग्या व वाळवी. त्यास रोज मुंग्या मोजून कोण घालणार? सहावा मातींत पुरून घेणारा. मागच्या पायांस फावड्यासारखा कंगोरा असल्यामुळें हा उलट पावलीं जमिनींत उतरतो आणि वर्षाचे बहुतेक दिवस तेथेंच असतो. त्यास पेटींत ठेवणारास बहुधा मातीचेंच दर्शन घडेल.

तेव्हां या साऱ्यांत उत्तम कोण? आमचें उत्तर असें कीं, पेटीसाठीं यांपैकीं एकहि नाहीं, आणि अंगणासाठीं जवळ जवळ सारेच.

"मग परदेशी जात घ्यावी," असें दुकानदार सुचवील. त्या व्यापाराची एक बाजू मात्र तो सांगणार नाहीं. १९३० नंतरच्या काळांत स्त्रीस दिवस गेले आहेत कीं नाहींत हें ओळखण्यासाठीं दक्षिण आफ्रिकेंतील एका पाणबेडकाचा उपयोग होत असे. स्त्रीच्या मूत्राचा अंश टोंचल्यावर बेडकीनें अंडीं घातलीं कीं निदान निश्चित. त्या कामासाठीं, आणि पुढें प्रयोगशाळा व शौकीन मंडळी यांच्यासाठीं, ते बेडूक जगभर पाठविले गेले. बेडकांच्या कातडीस ग्रासणारी कायट्रिड नांवाची सूक्ष्म बुरशी अशाच बेडकांच्या व्यापाराबरोबर खंडोखंडीं पसरली. ज्या त्वचेनें बेडूक पाणी पितो तीच ही बुरशी निकामी करते. १९९८ सालीं शास्त्रज्ञांनीं ती ओळखली. आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या गणनेनुसार तिच्यामुळें उभयचरांच्या ५०१ जातींची संख्या घटली, त्यांपैकीं ९० जाती नामशेष झाल्या असें मानलें जातें. दुकानांतला धडधाकट दिसणारा बेडूकहि ती अंगावर बाळगून असूं शकतो, आणि पेटींतलें पाणी मोरींत ओतलें कीं मोरींतून ओढ्यास, ओढ्यांतून तळ्यास तिची वाट मोकळी होते. पंचतंत्राच्या चौथ्या तंत्रांतला गंगदत्त नांवाचा बेडूकराजा आठवा. भाऊबंदांवर सूड उगविण्यासाठीं त्यानें प्रियदर्शन नांवाच्या सापास आपल्या विहिरींत बोलावून आणलें. सापानें आधीं शत्रु खाल्ले, मग गंगदत्ताचे स्वकीय खाल्ले. बाहेरचा पाहुणा विहिरींत आणणें सोपें, त्यास परत पोंचविणें कठीण, हें सांगण्यास त्याहून चांगली कथा नाहीं.

हा दोष परदेशी बेडकाच्या रक्तांत आहे असें मात्र कोणी समजूं नये. दोष जागा सोडविण्यांत आहे. आपला तोच पिवळा मोठा बेडूक अंदमान बेटांवर मूळचा नव्हता. मत्स्यबीजाबरोबर तो तेथें पोंचला, आणि त्याचे मांसाहारी बेडूकमासे तेथल्या मूळच्या बेडकांच्या पिल्लांवर तुटून पडूं लागले. आपल्या अंगणांतल्या दिव्याखालीं सोज्वळपणें बसणारा भेक मादागास्करच्या बंदराकडे कसा तरी गेला; २०१४ सालीं तो तेथें पसरल्याचें उघड झालें, आणि ज्या प्राण्यांना त्याच्या विषाची ओळख नाहीं त्यांच्या जिवावर तो बेतला. जो आपल्या घरीं उपकारक, तोच परक्या घरीं उपद्रवी ठरतो. प्राण्यास त्याच्या जागीं राहूं द्यावें हा धडा मुलांस द्यावयाचा तर याहून बोलकीं उदाहरणें शोधण्याची गरज नाहीं.

कायद्याचेंहि चार शब्द. एके काळीं भारतांतून बेडकांच्या तंगड्या वर्षाला हजारों टन युरोप-अमेरिकेंत जात. शेतांतले बेडूक पोत्यांनीं पकडले गेले. पिकावरील किडे खाणारा चाकर गेला, आणि त्याच्या जागीं विकतचें कीटकनाशक आलें. अखेर १९८७ सालीं सरकारनें ही निर्गत बंद केली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें छत्र अशा बेडकांवर आहे. ते पकडून विकणें हा खेळ नव्हे. त्या कायद्यांत २०२२ सालीं दुरुस्ती झाली. आंतरराष्ट्रीय करारांत नोंदलेल्या परदेशी जाती घरीं बाळगणारानें त्यांची सरकारदरबारीं नोंद करणें तेव्हांपासून आवश्यक ठरलें, आणि दक्षिण अमेरिकेंतले रंगीत विषारी बेडूक त्या करारांत मोडतात. सिंधुदुर्गांतील आंबोलीच्या माथ्यावर एक लहानसा भेक आहे. २००९ सालीं त्याचें शास्त्रीय वर्णन झालें, आणि तो नष्ट होण्याच्या कडेवर आहे. सहलीस गेलेल्या कोणी तसला जीव डब्यांत घालून आणणें हें पातक आहे असें म्हणण्यास आम्ही कचरणार नाहीं.

मग मुलाचें काय? त्यास नुसतें 'नाहीं' म्हणणें सोपें, पण तें अर्धेंच उत्तर झालें. आमचें सांगणें असें कीं, बेडूक विकत आणूं नये. तो येईल अशी जागा करून द्यावी. ज्या अंगणांत ओल, आडोसा व किडे आहेत, तेथें तो आमंत्रणावांचून येतो, आणि न आवडल्यास निघून जातो. निवड आपण करावयाची नसून ती त्यानें करावयाची असते.

कृति अशी. ज्यांचें घर लहान, किंवा ज्यांच्या गांवीं पाण्याची टंचाई, त्यांनीं मातीचें एक पसरट परळ अंगणाच्या सावलींत जमिनीबरोबर बसवावें. चार बोटें पाणी रोज संध्याकाळीं घालावें व सकाळीं झाडाच्या आळ्यांत ओतून द्यावें. शेजारीं फुटकी कुंडी आडवी पुरावी, म्हणजे दिवसाचा आडोसा झाला. एवढ्यावरहि भेक येऊन परळांत अंग भिजवीत बसतो. धाराशिव जिल्ह्यानें टंचाईचीं वर्षें फार पाहिलीं आहेत, आणि शेजारच्या लातुरास तर २०१६ सालीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. अशा मुलखांत कारंज्याच्या शोभेपेक्षां तांब्याभर पाण्याचें हें व्रत अधिक शोभतें.

ज्यांस परसूं आहे, त्यांनीं पावसाळ्यापूर्वीं दोन हात लांब-रुंद व मध्यें वीतभर खोल असा खड्डा करून तो चोपून घ्यावा, किंवा गिलावा करून आठवडाभर पाणी बदलीत राहून त्यांतील चुन्याचा अंश जाऊं द्यावा. एक बाजू अवश्य उतरती असावी. उभ्या भिंतींच्या सिमेंटच्या हौदांत पडलेला भेक वर येऊं शकत नाहीं, आणि शेपूट झडलेलीं पिल्लें कांठ न सांपडल्यामुळें बुडून मरतात. पाणी पावसाचें उत्तम. नळाचें असल्यास उघड्या भांड्यांत एक-दोन दिवस ठेवून मग घालावें. मासे सोडूं नयेत. माशांच्या पाण्यांत बेडकांचीं अंडीं फार थोडीं वांचतात. कांठावर अळू लावावा, व त्या बाजूस कीटकनाशक मुळींच फवारूं नये. पुढें काय होतें तें मुलांनीं वहींत लिहावें. चिकट दोऱ्यासारखी अंड्यांची माळ दिसली तर ती भेकाची. पांढरा फेस लोंबला तर तो झाडबेडकाचा. काळ्या बेडूकमाशांस आधीं मागचे पाय फुटतात, मग पुढचे, मग शेपूट आटते. कित्येक जातींत हें सारें साधारण पांच-सहा आठवड्यांत उरकतें. कोणत्याहि पाठ्यपुस्तकांतलें चित्र त्याची बरोबरी करणार नाहीं.

यावर घरांतील वडीलधारीं तीन आक्षेप घेतील, आणि ते तिन्ही रास्त आहेत. पहिला डासांचा. सांचलेल्या पाण्यांत अंड्यापासून डास होण्यास आठवडा ते दहा दिवस पुरतात, आणि बेडूकमासे डासांच्या अळ्या संपवितील असा भरंवसा धरतां येत नाहीं. म्हणून दर तीन-चार दिवसांनीं मलमलीच्या फडक्यानें वरचें पाणी गाळून अळ्या काढाव्या. अळी डोकें खालीं करून पृष्ठाला लोंबते व वळवळते, त्यामुळें ती सहज ओळखतां येते. हें काम नियमानें होणार नसेल तर खड्डा करूं नये, परळच बरें. दुसरा आक्षेप सापांचा. बेडूक असेल तेथें दिवड किंवा धामण येण्याचा संभव आहेच, आणि क्वचित् नागहि. तेव्हां पाण्याची जागा दारापासून व निजण्याच्या खोलीपासून दूर असावी, जवळ लांकडांचा व विटांचा ढीग नसावा, आणि रात्रीं विजेरीवांचून कोणी तिकडे जाऊं नये. तिसरा तान्ह्या मुलांचा. रांगणारें मूल वीतभर पाण्यांतहि बुडूं शकतें. ज्या घरांत असें मूल आहे तेथें पाण्यावर लोखंडी जाळी बसवावी, नाहीं तर दोन वर्षें थांबावें.

इतकें सांभाळल्यावर जें मिळतें तें पेटींत मिळत नाहीं. पहिल्या पावसाच्या रात्रीं ओसरीवर आजोबांपासून नातवापर्यंत सारें घर बसलें आहे, दिवे मालवले आहेत, आणि कोणता आवाज कोणाचा हें ओळखण्याची पैज लागली आहे, असा खेळ वर्षांतून चार रात्री तरी घरांत व्हावा. ज्या मुलानें पेटी मागितली होती, त्याच्याच हातीं विजेरी व वही द्यावी आणि घरांत कोण कोण आलें याची मोजदाद त्याच्याकडे सोंपवावी. पहिल्या वर्षीं एखादाच भेक आला, तरी तेवढ्यावर निराश होऊं नये; पाणी व आडोसा कायम ठेवावा, आणि पुढच्या मृगाची वाट पाहावी.